आबा, यंदा ट्रेलर मी एकटीनं जोडला

आबा,

आई आत्ताच गरम पाण्याच्या कुंडावरून आंघोळ करून आल्या. त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळून दिलं, अंगावर गोधडी घातली, आणि त्या ट्रेलरमध्ये आडव्या झाल्या. आत जागा ती केवढी, तुम्हाला ठाऊकच आहे. तरी त्या एका फळीला चिकटून निजल्या आहेत आणि तुमची बाजू त्यांनी मोकळी सोडली आहे. मी बाहेर सागाखाली शिध्याच्या पेटीवर बसून हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन आज पंचविसावा दिवस.

वर्षाच्या आत घराबाहेर असं पडू नये, हे तुमच्या चुलतभावांनी दोनदा येऊन सांगितलं. आईंनी दोन्ही वेळा मुकाट्यानं ऐकून घेतलं, चहा पाजला. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "त्यासनी बठ्ठं भरी ठेवेल व्हतं. भरेल गाडी माले रिकामी नही करनी." मग पीठ आणि डाळ तेवढी बदलली, बाकी तुम्ही जसं भरलं होतं तसंच घेऊन आम्ही दोघी निघालो आणि काल दुपारी उनपदेवाला पोचलो.

तेराव्याला लोक तुमच्याबद्दल पुष्कळ बोलले. तुम्ही किती भांडणं मिटवलीत, शाळेच्या खोलीसाठी आपली जागा कशी दिलीत, कपाशीचं बी कुणाला नाही म्हटलं नाहीत. सगळं खरंच असेल. पण त्यातलं मला फारसं ठाऊक नाही. मला ठाऊक आहेत ते जीपच्या मागं, ट्रेलरची दांडी हातात धरून, माझ्याकडं बघत उभे असलेले आबा. त्या आबांशी मला बोलायचं आहे. घरात ते कधी जमलं नाही.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा अठरा वर्षांची होते. पुढच्या सहा-सात वर्षांत मी तुमच्याशी एक शब्द समोरासमोर बोलले नाही. तुम्ही ओट्यावर पाय ठेवण्याआधी खोकायचा, मी पदर ओढून आत व्हायची. तुम्हाला भाकरी हवी असली तर तुम्ही आईंना सांगणार, नको असली तरी आईंनाच. तुमचा चेहरा नीट कसा आहे, हेसुद्धा मी पदराआडूनच पाहिलं होतं. त्यात दोष कुणाचाच नव्हता. एरंडोलच्या आजूबाजूला सगळ्याच घरी तशी रीत होती.

ती जीप तुमच्या मुलानं आणलेली. लढाई संपल्यावर लष्कराच्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा हे जीप घेऊन आले आणि तिच्यामागं तो दोन चाकांचा लहानसा ट्रेलर. तुम्ही त्याला डबडं म्हणायचा. घरात दोन चांगल्या बैलजोड्या असताना हे लोखंड कशाला, असं तुम्ही सगळ्या गावासमोर म्हणाला होतात. हे हसले होते. नंतर मात्र हे फार दिवस त्यावरून गप्प असायचे. आणि मग एक दिवस, पडीक पडलेल्या वरच्या शेतात, दुपारी सगळे झोपलेले असताना, यांनी मला जीप चालवायला शिकवायला घेतलं. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. महिनाभरात मी त्या शेताला चकरा मारू लागले. मग यांना ताप आला. सतरा दिवसांनी हे गेले. मी तेव्हा बावीस वर्षांची होते.

पुढची अडीच वर्षं जीप निंबाखाली ताडपत्री घालून उभी राहिली. ट्रेलर तिच्या शेजारी, दांडी जमिनीला टेकवून. त्याच्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. तुम्ही कुणालाही ताडपत्रीला हात लावू दिला नाहीत. आई बसल्या की उठायच्या नाहीत, आणि बोलायच्या तर नाहीतच. मी मागच्या खोलीत. तीन माणसं एका छपराखाली राहत होतो, इतकंच.

मग एका सकाळी तुम्ही ती ताडपत्री स्वतः ओढून काढलीत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. त्या दिवशी एरंडोलहून एक ड्रायव्हर आणलात. त्यानं चार दिवस खपून इंजिन चालू केलं. आईंच्या गुडघ्यांसाठी उनपदेवाच्या गरम पाण्यावर आठ दिवस जाऊन राहायचं, असं तुम्ही ठरवलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, गाडी करून दिली, पण आठ दिवस सातपुड्याच्या रानात येऊन राहायला मला सवड नाही. तो गेला. तुम्ही दारात आलात, खोकलात, आणि आईंना म्हणालात, पण असं की मला ऐकू यावं, "तिले सांग, गाडी तिले चालावनी शे."

आईंना कळेना. "कोनले?"

"तिले. मी देखेल शे."

म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. वरच्या शेताच्या बांधापलीकडं तुमची कपाशी होती. तुम्ही आम्हाला पाहिलं होतं आणि परत फिरला होतात. कितीदा, कुणास ठाऊक. ना तुम्ही मुलाला बोललात, ना आईंना. मी चुलीपाशी बसून खूप रडले. आधी लाजेनं, आणि मग कशानं ते मला अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रेलर जोडायला घेतला. तुम्हाला आठवत असेलच. जीपच्या मागं लोखंडी आकडा, ट्रेलरच्या दांडीला पुढं कडं. जीप मागं घेत घेत आकडा बरोबर कड्याखाली आणायचा, मग कडं त्यात टाकून वरची खिट्टी लावायची आणि साखळी अडकवायची. ऐकायला सोपं आहे. पण चालवणाऱ्याला मागचा आकडा दिसत नाही. आकडा वीतभर इकडं गेला तरी चुकतो, आणि वीतभर जास्त मागं गेला तर दांडी धरून उभं असलेलं माणूस मधे सापडतं.

तुम्ही त्या मधल्या जागेत जाऊन उभे राहिलात. दांडी उचलून दोन्ही हातांत धरलीत. अडीच वर्षांत मी गाडीला हात लावला नव्हता, आणि मागं तर कधी फारशी घेतलीच नव्हती. अख्खी गल्ली पाहायला जमली होती. मी मान वळवून पाहिलं, तर जीप आणि ट्रेलर यांच्यामधे तुम्ही. मला तोंडातून शब्द काढावाच लागला. मी म्हटलं, "आबा, बाजूला व्हा. लागेल."

तुमच्याशी बोललेलं ते माझं पहिलं वाक्य. तुम्ही इतक्या सहज उत्तर देऊन मोकळे झालात, की जणू आपण रोज बोलत होतो. "मी आठेच उभा शे. तू ये मागे."

मी पुन्हा म्हटलं, बाजूला व्हा. तुम्ही तिथंच उभे राहिलात. मग मी क्लच सोडला आणि मुंगीच्या पावलांनी गाडी मागं घेतली. तुम्ही हात वर करून थांबवलंत, डावीकडं बोट दाखवलंत, पुन्हा पुढं जायला लावलंत. पाच-सहा वेळा झालं. शेवटी कडं आकड्यात पडल्याचा आवाज आला, आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. तुम्ही साखळी अडकवून पुढं आलात आणि आईंना म्हणालात, की पोरीला पाणी दे. त्या दिवसापासून तुम्ही मला पोरी म्हणू लागलात. सूनबाई पुन्हा म्हटलं नाहीत.

त्या पहिल्या खेपेला तापीच्या पात्रात आपण रुतलो होतो. आपल्या वाटेवर पूल नव्हता. हिवाळ्यात वाळूवर कपाशीच्या पळाट्या अंथरून गाड्यांची वाट केलेली, तिच्यावरून माझं एक चाक खाली उतरलं आणि ट्रेलर एका अंगावर कलला. आई आत होत्या. मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल, बाईच्या हाती गाडी दिली हे चुकलं. तुम्ही धोतर खोचून खाली उतरलात, वाळू उकरलीत, चाकाखाली आपली घोंगडी घातलीत आणि मला एवढंच सांगितलंत की घाई करू नको, नदी काही कुठं जात नाही. आईंना हसू आलं. नदी जात नाही तर काय करते, असं त्या आतून म्हणाल्या. हे गेल्यानंतर त्यांनी आपणहून बोललेलं ते पहिलंच वाक्य होतं. तुम्ही आणि मी, दोघंही वाळूत उभे राहून एकमेकांकडं बघत राहिलो. चाक नंतर निघालं.

परत आल्यावर तुम्ही मला लायसनसाठी जळगावला घेऊन गेलात. कचेरीतल्या साहेबानं दोनदा विचारलं, गाडी बाई चालवणार का म्हणून. तुम्ही म्हणालात, "मग काय मी चालावू? माले तर येत नही." साहेब हसला. मी परतीच्या वाटेवर एकटीच हसत राहिले, आणि तुम्ही कशाला हसते म्हणून विचारलंत तेव्हा सांगितलं नाही.

चार हिवाळे आपण असे इथं आलो. निघण्याआधीचे चार दिवस मला इथल्या आठ दिवसांपेक्षा जास्त आवडायचे, हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. तुम्ही ट्रेलरची चाकं काढून वंगण भरायचा. बैलगाडीच्या आसाला लावायचा तसंच, बोटानं, आणि नंतर ते हात कडुनिंबाच्या राखेनं धुवायचा. मी टायरमध्ये हवा भरायची, तुम्ही टिचकी मारून आवाज ऐकायचा. मग बांबूच्या कमानी बसवून वर ताडपत्री ताणायची. दोरी तुम्ही ओढणार, गाठ मी मारणार, आणि ती गाठ तुम्ही सोडून पुन्हा मारणार. यावरून आपलं दर वर्षी भांडण व्हायचं. माझी गाठ सुटते, असं तुमचं म्हणणं. एकदाही सुटली नव्हती, आबा. तुम्ही ती सुटेपर्यंत कधी राहू दिलीत?

आणि एक नियम तुम्ही घालून दिला होता. आधी रिकामा ट्रेलर जोडायचा, मग भरायचा. भरलेल्या ट्रेलरची दांडी उचलायला दोन माणसं लागतात. जड सामान पुढच्या बाजूला, चाकाच्या जरासं अलीकडं. शिध्याची पेटी, पाण्याची घागर, मग गोधड्या, आणि सगळ्यांवर आईंसाठी कापसाची गादी. हे तुम्ही मला एवढ्या वेळा सांगितलंत की मला त्याचा कंटाळा आला होता.

इथं आलो की तुम्ही निराळेच असायचा. सकाळी माझ्याआधी उठून तीन दगडांवर चहा ठेवायचा. सासऱ्यानं सुनेला चहा करून द्यायचा, हे गावात कुणी ऐकलं असतं तर. मी तुम्हाला वर्तमानपत्र वाचून दाखवायची, जुनं, पुड्यांचं, हाती लागेल ते. मी सातवीपर्यंत शिकले होते हे तुम्हाला इथंच कळलं. पुढं का नाही शिकलीस, असं तुम्ही विचारलंत, आणि मी म्हटलं, लग्न झालं.

तिसऱ्या वर्षी, परत निघायच्या आदल्या दिवशी, तुम्ही जीपच्या टपावरून हात फिरवत होतात. मी भांडी घासत होते. मला पाठमोरेच राहून तुम्ही म्हणालात, "मी त्याले कधी म्हनं नही, की गाडी चांगली शे." एवढंच. मुलाचा विषय तुम्ही माझ्यासमोर काढलात तो तेवढाच. मी म्हणायला हवं होतं, की यांना ते कळलं असेल. मी म्हटलं नाही, कारण यांना ते कळलं नव्हतं. हे त्याच दुःखात गेले, हे मला माहीत होतं. मी खोटं बोलले असते तरी चाललं असतं, असं आता वाटतं.

घरी परतलो की तुम्ही पुन्हा खोकून ओट्यावर यायला लागायचा, मी पुन्हा पदर घ्यायची. पण ते आता निराळं होतं.

मग ही दिवाळी आली.

तुम्ही धुळ्याला दोनदा जाऊन आलात. कशाला ते सांगितलं नाहीत. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आईंनी मला जवळ बसवलं आणि सांगितलं, की धुळ्याला एक शाळामास्तर आहेत, बायको वारली आहे, चार वर्षांची मुलगी आहे. माणूस शांत आहे. तुम्ही बोलणी करून आला होतात. लग्न आपल्याच दारात होणार, कन्यादान तुम्हीच करणार.

मी उठले आणि ओट्यावर आले. पदर घेतला की नाही आठवत नाही. तुम्ही शेतात निघाला होतात, एक वहाण पायात आणि एक घालायची होती. मी म्हटलं, "मी तुम्हाला जड झाले का, आबा?"

मला वाटलं, रागवाल. रागवला असतात तर किती बरं झालं असतं. तुम्ही दुसरी वहाण घातलीत आणि गेलात.

खरं सांगते, मास्तरांबद्दल माझ्या मनात काही वाईट नव्हतं. मी त्यांना पाहिलंही नव्हतं. एखादे वेळी, चुलीपाशी, ती चार वर्षांची मुलगी कशी असेल असंही मनात येऊन गेलं. मला राग आला तो याचा, की मला घालवायला तुम्ही तयार कसे झालात. मला वाटलं, गाडी शिकवली, लायसन काढलं, पोरी म्हटलं, ते सगळं मला कुठं तरी जागा मिळेपर्यंत सांभाळायचं म्हणून. एकदा असं वाटलं की मग जुनं सगळं तसंच दिसायला लागतं. दोन महिने मी तुमच्याशी बोलले नाही. भाकरी पुन्हा आईंच्या हातून जाऊ लागली. तुम्हीही काही बोलला नाहीत. धुळ्याला काय कळवलंत, तेही मी विचारलं नाही.

पौषात तुम्ही ट्रेलर निंबाखालून बाहेर काढलात. वंगण तुम्ही एकट्यानं भरलंत. हवेच्या पंपाचा आवाज मला आत ऐकू येत होता, आणि मधे मधे तो थांबायचा, तेव्हा तुम्ही दम खाताय हेही कळत होतं. मी गेले नाही. ताडपत्री तुम्ही आणि सालदार भिका, दोघांनी ताणलीत.

निघायच्या दिवशी सकाळी मी वाटेसाठी दशम्या करत होते. बाहेरून तुमची हाक आली. "पोरी, गाडी मागे घे वं."

मी आईंना, पण तुम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हटलं, "दूध तापतंय म्हणावं."

दूध तापलं होतं, आबा. मी ते उतरवून बाजूला ठेवलेलं होतं.

तुम्ही पुन्हा हाक मारली नाहीत. थोडा वेळ सामान ठेवल्याचे आवाज येत राहिले. पेटी, मग घागर. तुम्ही न जोडलेला ट्रेलर भरत होतात, आणि मला ते कळत होतं. मनात आलंसुद्धा, की हे उलट होतंय, आता दांडी उचलायला जड जाणार. मी पुढची दशमी थापायला घेतली. म्हटलं, बघू या, आणखी एकदा बोलावतात का.

मग भिका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत तो त्या दारापर्यंत कधी आला नव्हता. मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावले.

तुम्ही ट्रेलरच्या चाकाला पाठ टेकून बसला होतात. तुम्ही भिकाला शेतातून घोंगडी आणायला पाठवलं होतंत, आणि तो नसताना भरलेला ट्रेलर एकट्यानं ओढत जीपपर्यंत नेला होतात. कडं आकड्यापासून वीतभर लांब राहिलं होतं. तुमचे डोळे उघडे होते. मी हाक मारली. दोन महिन्यांत पहिल्यांदा हाक मारायला मला एवढा उशीर झाला.

एरंडोलचे डॉक्टर म्हणाले, त्यांचं काळीज आधीपासूनच थकलेलं होतं. हे शेतात झालं असतं, खाटेवर झालं असतं, कुठंही झालं असतं. मला बरं वाटावं म्हणून त्यांनी ते दोनदा सांगितलं. मला बरं वाटलं नाही. कुठंही झालं असतं, पण झालं तिथं. आईंना मी दुधाचं खरं सांगितलं, चौथ्या दिवशी. त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला आणि सोडला नाही. त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मी विचारलेलं नाही. कधी विचारीन असंही वाटत नाही.

परवा सकाळी ट्रेलर जोडायचा होता. भिका म्हणाला, मी मागं उभा राहतो. मी नको म्हटलं. त्या जागी दुसरं कुणी उभं राहिलेलं मला बघवलं नसतं. मी गाडी हातभर मागं घ्यायची, खाली उतरायची, बघायची, पुन्हा वर चढायची. बारा वेळा उतरले. गल्लीतली माणसं बघत होती, पण या वेळी कुणी जवळ आलं नाही. बाराव्या वेळी आकडा कड्याच्या बरोबर खाली आला. दांडी उचलायला मात्र भिकाला हाक मारावी लागली, आणि दोघांनी मिळूनही ती किती जड लागली, आबा. तुम्ही ती एकट्यानं कशी ओढलीत? खिट्टी लावली, साखळी अडकवली. ताडपत्रीच्या गाठी तुमच्याच होत्या. त्यांना मी हात लावला नाही.

तापी नीट पार झाली.

इथला रूपसिंग तुम्हाला चांगला ठाऊक आहे, पण मी त्याच्याशी कधी फारशी बोलले नव्हते. पावऱ्यांच्या पाड्यावरचा म्हातारा, दर वर्षी आपल्याला सरपण आणून द्यायचा आणि तुमच्यापाशी तासन् तास बिडी ओढत बसायचा. आज सकाळी तो लाकडाची मोळी घेऊन आला. ती खाली टाकली, ट्रेलरच्या आत डोकावला, कुंडाकडं पाहिलं, आणि मला विचारलं, म्हातारा कुठं आहे.

घरी हे कुणाला सांगायची वेळ माझ्यावर आलीच नव्हती. सगळ्यांना आधीच कळलेलं असायचं. मी म्हटलं, "आबा गेले." शब्द फार लहान वाटले.

रूपसिंग जिथं होता तिथंच खाली बसला. मग त्यानं विचारलं, मुलीचं लग्न झालं का.

मला आधी कळलंच नाही. कुठल्या मुलीचं, असं मी विचारलं. तो म्हणाला, म्हाताऱ्याच्या मुलीचं, तुझं. मग त्यानं थांबत थांबत सगळं सांगितलं. मागच्या वर्षी, इथंच, तुम्ही त्याला म्हणाला होतात, की पुढच्या साली माझ्या पोरीचं लग्न करून देणार आहे. पोर मोठी हुशार आहे, तिला घरात कोंडून ठेवली तर मला पाप लागेल. रूपसिंगनं तुम्हाला विचारलं, मग गाडी कोण चालवणार? तुम्ही म्हणालात, कुणी नाही. जीप तिच्याबरोबर जाईल, ती तिचीच आहे. आम्ही म्हातारा-म्हातारी बैलगाडीनं येऊ, दोन मुक्काम जास्त पडतील. पोरीशिवाय इथं करमणार नाही, असंही तुम्ही त्याला म्हणाला होतात. पण म्हातारीच्या गुडघ्यांसाठी यावं लागेल. आणि मग तुम्ही त्याला विचारलं होतं, इथं बैल बांधायला जागा कुठं आहे.

म्हणजे एक वर्ष आधीच. दिवाळीच्या कितीतरी आधी. आपण हसत-भांडत ताडपत्री सोडत होतो, तेव्हाच तुम्ही माझ्याशिवाय यायची तयारी करत होतात.

मी रूपसिंगला विचारलं, मग तू काय सांगितलंस?

तो उठला आणि मला ओढ्याच्या बाजूला घेऊन गेला. तिथं मोहाच्या झाडाखाली जमीन साफ केलेली होती, गवत कापलेलं, दगड वेचून एका कडेला लावलेले. मधे सागाचे दोन खुंटे ठोकलेले होते, एकमेकांपासून चार हातांवर. पावसाळा सरल्यावर त्यानं ते तुमच्यासाठी ठोकून ठेवले होते.

त्यानं विचारलं, आता काढू का?

मी म्हटलं, राहू दे.